इथे शब्द टाका

रविवार, ५ जानेवारी

फितूर! दुसरा शब्दच नाही.

आणि तो मी आज भर मीटिंगमध्ये म्हटला. उभा राहून. बोट दाखवून. महादूकाकांना. म्हणजे कल्पिताच्या बाबांना. वाट लागली!

झालं असं. महिन्याचा पहिला रविवार, मंडळाची मीटिंग. आमच्या आंबेखोल गावची जेवढी माणसं भांडुप-नाहूर-मुलुंडला आहेत ती सगळी नाहूरच्या शाळेत, दुसरी ‘ब’च्या वर्गात जमतात. बाकं एवढीशी. म्हातारे गुडघे कानाला लावून बसतात. धोंडिरामकाका — माझे सख्खे काका, मंडळाचे अध्यक्ष — हजेरी घेत होते. तेवढ्यात सेक्रेटरी महादूकाका उठले आणि खिशातून कागद काढला. म्हणे, आमच्या खालच्यावाडीला वेगळी ग्रामपंचायत मंजूर झाली!

साठ वर्षं वरचीवाडी-खालचीवाडी एका पंचायतीत. एक गाव, एक रवळनाथ, एक सरपंच. आणि आता हे चालले. अर्ज कधी केला, कुणाला विचारून केला — कुणालाच पत्ता नाही. आमची वरचीवाडी नुसती बघत राहिली. मला राहवलं नाही.

महादूकाका लाल झाले. पण ते सोड. कल्पिता शेवटच्या बाकावर इतिवृत्त लिहीत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं जसं मी तिच्या डब्यातला मासा खाल्लाय.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. मला तिच्याशी लग्न करायचंय. आमच्यात गावातल्या गावात सोयरीक करत नाहीत, सगळी एका रवळनाथाची लेकरं, म्हणून सगळी भावंडं. माहितेय मला. ते नंतर बघू. आधी गाव तर शाबूत राहू दे! वाड्या वेगळ्या झाल्या तर शिमग्याची पालखीही वेगळी, पूजाही वेगळी. मग ती मला दिसणार कुठे?

सोमवार, ६ जानेवारी

ब्लॉक. सगळीकडून.

मंगळवार, ७ जानेवारी

एक जागा राहिली! मंडळाचा ग्रुप. तिथे ती मला ब्लॉक करू शकत नाही, बाबांच्या वतीने सगळ्या सूचना तीच टाकते. आज दुपारी आली —

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की काही सभासदांनी आपल्या जिभेस आवर घालावा.’

मी लगेच लिहिलं, ‘सदर सभासद दिलगीर आहे.’

ती — ‘दिलगिरी लेखी व सविस्तर सादर करावी.’

मी — ‘सदर सभासद भांडुप पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो बघताना समक्ष सादर करू इच्छितो. मागच्या वेळेप्रमाणे.’

तिच्याऐवजी अकरा म्हाताऱ्यांनी हात जोडलेले पाठवले. धोंडिरामकाकांचा फोन आला, ‘काय रे, फ्लेमिंगोचा ठराव कधी झाला?’

बुधवार, ८ जानेवारी

दुकानात डोकं चालत नाही. मुलुंडला सिद्धेशदादाच्या दुकानात मी फ्लेक्स डिझाइन करतो. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, नगरसेवकाचे आभार. आज एका आजीच्या श्रद्धांजलीत केकचा फोटो टाकला. दादा म्हणाला, ‘तुझं लक्ष कुठे आहे ते मला माहितेय, फक्त ते नाहूरला ठेव, माझ्या मशीनवर ठेवू नकोस.’

घरी मामी आली होती. आई तिला सांगत होती, ‘प्रज्योतने कॉलेजातून जरा ब्रेक घेतलाय.’ दीड वर्ष झालं त्या ब्रेकला. धोंडिरामकाका म्हणतात ‘नापास झाला’. ते खोटंय, दोनच विषय राहिले होते. ताई म्हणते ‘त्याला काढला’. तेही खोटं. सरांशी भांडलो आणि मीच निघालो. मी खाली मान घालून चहा प्यायलो.

रविवार, १२ जानेवारी

खास सभा. विषय एकच. २६ जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा. ही शेवटची एकत्र पूजा, हे दोन्हीकडून ठरलं. (कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. दगड!) फ्लेक्स माझ्याकडे. पहिली ओळ सगळ्यांना मान्य: ‘वरचीवाडी व खालचीवाडी यांच्या’. शेवटचा शब्दही मान्य: ‘निमित्त’.

मध्ये काय?

तीन तास! तीन तास त्या एका शब्दावर!

सरकारी कागदावर ‘विभाजन’ आहे. आमच्याकडचे म्हणाले नको, त्यात त्यांना काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं. त्यांच्याकडचे म्हणाले नको, त्यात आम्हाला कापल्यासारखं वाटतं. धोंडिरामकाका म्हणाले ‘फूट’. महादूकाका म्हणाले ‘स्वातंत्र्य’. ‘स्वातंत्र्य? आम्ही काय तुम्हाला तुरुंगात ठेवलं होतं?’ ‘नळ कुठल्या वाडीत पहिला आला सांग!’ कुणीतरी म्हणालं ‘वाटणी’. तर लगेच मंडळाचा मोठा टोप, सतरंज्या आणि ढोल कुणाचा, त्यावर अर्धा तास. शांताबाई म्हणाल्या, ‘निरोप समारंभ लिहा ना, गोड वाटतं.’ खालच्यावाडीचे उठून चालायला लागले. एकाने ‘काडीमोड’ सुचवलं, त्याच्या बायकोने त्याला सगळ्यांदेखत चिमटा काढला.

मी उठून ‘फितु—’ एवढंच म्हटलं. धोंडिरामकाकांनी खाली ओढलं.

कल्पिता एकदाच बोलली. ‘वेगळं गाव. आम्ही वेगळं गाव होतोय. गाव हा शब्द यायलाच पाहिजे.’ माझ्याकडे बघून म्हणाली. मुद्दाम! लागावं म्हणून!

शेवटी सगळ्यांनी धाकू आजाकडे बघितलं. आजा गावचा सगळ्यात मोठा मानकरी, शहाऐंशी वर्षांचा. पूजेला गाऱ्हाणं तोच घालतो. सरकार काय लिहायचं ते लिहो, आजाने गाऱ्हाण्यात देवासमोर जे म्हटलं तेच आमच्यात चालतं. एकदा त्याने चुकून धोंडिरामकाकांना ‘सरपंच’ म्हटलं. तेव्हापासून काकांना सगळे सरपंच म्हणतात. निवडणूक ते दोनदा हरलेत.

आजा डोळे मिटून म्हणाला, ‘फ्लेक्सार जा असात, ता मी म्हणतलंय. तुमी ठरवा आणि माका उठवा.’

मी डिझाइनमध्ये तेवढी जागा सोडली. तिथे टाइप करून ठेवलं: ‘इथे शब्द टाका’.

मंगळवार, १४ जानेवारी

ग्रुपवर — ‘सर्व सभासदांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला. एक सभासद वगळून.’

तीन जणांनी फोन करून विचारलं, तो मीच का?

गुरुवार, १६ जानेवारी

ती आली होती! दुकानात!

मुलुंड कोर्टासमोर एका वकिलाकडे ती टायपिंग करते. जेवणाच्या सुट्टीत आली, पूजेचा मजकूर घेऊन. तिचं टायपिंग लांबून ओळखू येतं. सरळ रेघा, एक चूक नाही, आणि खाली उजव्या कोपऱ्यात दिसेल न दिसेल असा बारीक ‘क’. प्रत्येक कागदावर घालते. वकिलाला अजून कळलं नाही.

मी म्हटलं, ‘अनब्लॉक कर ना.’

‘आधी माझं ऐक. वेगळं गाव. हेच टाकायचं. तुझा काका काही म्हणू दे.’

‘एवढी घाई आहे माझ्यापासून सुटायची?’

तिने कागद टेबलावर आपटला. सिद्धेशदादा उगाच मशीनमागे जाऊन बसला.

‘प्रज्योत, तुझा डिप्लोमा का राहिला माहितेय? तू प्रश्न पूर्ण वाचत नाहीस. आधीच उत्तर लिहायला लागतोस.’

‘मग तूच सांग काय आहे प्रश्न!’

‘मी सांगणार नाही. एकदा तरी तुझं तुला कळू दे. शिमग्याला विचारलं होतं तुला.’

आणि गेली.

शिमग्याला! आठवतंय मला. पालखी खालच्यावाडीत उतरत होती, आम्ही मागे. गुलालात नुसते तिचे डोळे दिसत होते. तिने विचारलं, ‘तू काही करणार आहेस, की मीच करू?’ मी म्हटलं, ‘बघू.’ ती म्हणाली, ‘ठीक आहे.’ एवढंच. त्यात काय प्रश्न?

काय भाव खाते यार! पण निळ्या ड्रेसमध्ये काय दिसत होती.

रविवार, १९ जानेवारी

जिंकलो! मी! एकटा!

आज पुन्हा सभा. चौथ्या तासाला दोन्ही वाड्या घसा बसून गप्प झाल्या होत्या. तेव्हा मला सुचलं. कुठून सुचलं देव जाणे. मी उठलो आणि म्हटलं: ‘वेगळी चूल.’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मग मीच पुढे — दोन भाऊ मोठे होतात, संसार वाढतो, जागा पुरत नाही. एक भाऊ वेगळी चूल मांडतो. भांडण नाही, फूट नाही. घर तेच, नातं तेच. फक्त भात वेगळा शिजतो.

टाळ्या! खऱ्या टाळ्या! शांताबाईंनी डोळे पुसले. महादूकाका, ज्यांना मी फितूर म्हटलं होतं ते महादूकाका, उठून आले आणि माझी पाठ थोपटली. म्हणाले, ‘पोरगो हुशार आसा. मी उगाच काय काय समजलंय.’ धोंडिरामकाकांनी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, माझा पुतण्या. दीड वर्षात पहिल्यांदा.

मी कल्पिताकडे बघितलं. म्हटलं आता तरी हसेल.

ती पांढरी पडली होती. इतिवृत्ताची वही मिटली आणि सभा संपायच्या आधी निघून गेली.

मुली कळत नाहीत. कळतच नाहीत.

सोमवार, २० जानेवारी

ग्रुपवर — ‘सभासद प्रज्योत यांनी सुचविलेला शब्द एकमताने मंजूर. सभासद प्रज्योत यांचे अभिनंदन. सभासद प्रज्योत यांना आयुष्यभर हा शब्द लखलाभ.’

चाळीस जणांनी फुलं पाठवली.

शेवटच्या ओळीत काहीतरी खुपतंय.

मंगळवार, २१ जानेवारी

संपलं. मी संपलो. मी गाढव आहे. गाढवालाही एवढं कळतं.

संध्याकाळी आजाला शब्द दाखवायला भांडुपला कोकणनगरमध्ये गेलो. आजा खाटेवर बसून पेजेत लोणचं कालवत होता. मोठ्याने वाचून दाखवलं. खूश झाला.

‘बरा केलंस रे झिला. चूल वेगळी म्हणजे घर एकच. देव एक. पालखी एक. सोयरिकीचो नियम पण तसोच रवलो. वरच्ये-खालच्ये भाव-भैनी ते भाव-भैनीच.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? ती खालची म्हणी होती वेगळो गाव. गाव वेगळो झाल्यार सोयरीक चलता. दुसऱ्या गावची पोरगी करूक कोण अडयता? पण तू चूल म्हटलंस, काम झाला!’

पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, ‘खा. तोंड असा कित्या केलंस?’

वेगळं गाव! म्हणून ती ‘गाव, गाव’ करत होती! आणि मी पंधरा दिवस गाव वाचवत फिरतोय. कशासाठी, तर ती माझी बहीण राहावी म्हणून! टाळ्या घेतल्या! महादूकाकांनी पाठ थोपटली — अर्थात थोपटतील, मुलगी सुरक्षित झाली त्यांची!

आजाच्या पाया पडलो. म्हटलं, आजा, शब्द बदला.

‘फ्लेक्सार जा असात ता. मी माझा काय ठरवत नाय. ठराव झालो. आता गाऱ्हाण्यात कोण नाय म्हणात तरच.’

‘कोणी म्हटलंय कधी?’

आजाने विचार केला. बराच केला. ‘नाय,’ म्हणाला.

बुधवार, २२ जानेवारी

धोंडिरामकाकांना म्हटलं, शब्द बदलू या का. म्हणाले, ‘आता बदललास तर तंगडं मोडीन.’

दिवसभर फ्लेक्सची फाइल उघडून बसलो. ‘वेगळी चूल’ टाइप करायला बोटंच वळत नाहीत. ग्रुपवर लिहिलं, ‘सदर सभासदाला प्रश्न कळला आहे.’

ती — ‘वेळ संपली आहे. पेपर जमा करावा.’

शनिवार, २५ जानेवारी

ताप आला. खरा. आईने कपाळावर पट्टी ठेवली. दुकानात गेलो नाही. सिद्धेशदादाने फोन करून विचारलं, ‘मंडळाची फाइल हीच ना, छापून पाठवतो.’ मी म्हटलं, ‘पाठव.’

कुठली फाइल ते विचारायचं राहिलं.

रविवार, २६ जानेवारी

सगळं सविस्तर लिहितो. 

दुपारी चारला पोचलो. नाहूरच्या हॉलमध्ये स्टेजवर माझा फ्लेक्स. बारा फूट बाय सहा. सोनेरी अक्षरं —

‘वरचीवाडी व खालचीवाडी यांच्या इथे शब्द टाका निमित्त श्री सत्यनारायणाची महापूजा’.

धोंडिरामकाका माझ्याकडे धावले. ताप बघून थांबले. मग स्टुलावर चढून झेंडूची माळ बरोबर त्या तीन शब्दांवर लटकवली. भटजी म्हणाले, माळ देवाला होती.

पूजा झाली. कथा झाली. कल्पिता शिऱ्याचं पातेलं घेऊन एका बाजूला उभी. हिरवी साडी. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आजा काठी टेकत उभा राहिला. सगळे उठले. दोनशे माणसं.

‘बा देवा रवळनाथा महाराजा!’

‘व्हय महाराजा!’

‘आज ही तुझी मुंबयची लेकरा नाहुराक जमली हत महाराजा!’

‘व्हय महाराजा!’

‘पोटापाण्याक खय खय गेली, पण तुका इसारली नाय महाराजा!’

‘व्हय महाराजा!’

‘आज वरच्ये आणि खालच्ये वेगळी चूल मांडतत महाराजा!’

‘नाय महाराजा!’

तो मी होतो.

खरं सांगतो, ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. दोनशे माणसांचं ‘व्हय’ घशातच राहिलं. भटजींच्या हातातून शंख निसटता निसटता राहिला. लहानपणापासून ऐकतोय, माझ्या बापाने, आज्याने ऐकलंय, गाऱ्हाण्याला आजवर कुणी ‘नाय’ म्हटलेलं नाही.

आजा म्हणाला, ‘कोण तो?’

‘मी. प्रज्योत.’

‘नाय कित्या?’

आई मागून शर्ट ओढत होती. मी म्हटलं, ‘चूल वेगळी आणि घर एक म्हटलं तर खालच्यावाडीची एक मुलगी माझी बहीण होते. मला बहीण नकोय, आजा. म्हणजे आहे एक. पुरेशी आहे.’

ताई म्हणाली, ‘अरे!’

महादूकाका गरजले, ‘कोण मुलगी? नाव सांग!’

मी आजाकडे बघितलं. आजाने सावकाश विचारलं, ‘महादू, पूजेक खालच्यावाडीच्यो लग्नाच्यो पोरी कितक्यो इल्यो?’

महादूकाकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ‘माझीच एक.’

‘मगे तीच.’

मग काय! ‘ह्याने मला फितूर म्हटलं आणि माझ्याच पोरीवर डोळा?’ धोंडिरामकाका मध्ये पडले, ‘आमच्या पोरात काय खोट आहे?’ महादूकाका, ‘कॉलेज सोडलंय त्याने!’ आई, ‘सोडलं नाही हो, ब्रेक घेतलाय!’ कुणीतरी मागून, ‘काढला म्हणे!’ शांताबाई, ‘नापास ना रे?’ आणि सुरू! अख्खा हॉल माझ्या कॉलेजला काय म्हणायचं त्यावर भांडायला लागला. देव बिचारा केळीच्या खांबांमध्ये बसून ऐकतोय.

‘सोडलं!’ मी ओरडलो. ‘मी सोडलं. चूक माझी होती. सरांची नव्हती. दुसरा शब्द नाही. आता बसतो दोन विषयांना, पण त्याला सोडलं होतं असंच म्हणायचं!’

 आई रडायला लागली.  कल्पिताच्या हातात पळी तशीच, शिरा खाली सांडतोय.

आजाने काठी आपटली. ‘नाय म्हटल्यार गाऱ्हाणा अडला. देवाक अर्ध्यार सोडून चलाचा नाय. पयल्यापासून!’

आणि पुन्हा सुरू केलं. जोरात. भरभर. श्वास घ्यायला जागा न देता.

‘बा देवा रवळनाथा महाराजा!’ — ‘व्हय महाराजा!’

‘लेकरांची चूक-भूल पोटात घाल महाराजा!’ — ‘व्हय महाराजा!’

‘कालपर्यंत एक गाव, आजपासून दोन गाव महाराजा!’ — ‘व्हय महाराजा!’

‘दोन गावांत येणा-जाणा रवांदे महाराजा!’ — ‘व्हय महाराजा!’

‘दोन गावांत सोयरीक होवंदे महाराजा!’

‘व्हय महाराजा!’

सगळ्यात मोठा आवाज महादूकाकांचा होता. पन्नास वर्षांची सवय! म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. आजा डोळे मिटून खाली बसला आणि म्हणाला, ‘शिरो घेवन येवा.’

महादूकाका बराच वेळ एकटे खुर्चीत बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, काका, तो शब्द मागे घेतो. ते म्हणाले, ‘दोन विषय कधी आहेत?’

म्हटलं, ‘उन्हाळ्यात.’

‘मग उन्हाळ्यानंतर बोलू. तोपर्यंत माझ्या दारात दिसलास तर फ्लेक्समध्ये गुंडाळीन.’

नाही म्हणाले नाहीत! नाही म्हणाले नाहीत!!

सोमवार, २७ जानेवारी

ताप उतरला. पुस्तकं माळ्यावरून काढली. झुरळं निघाली.

मंगळवार, २८ जानेवारी

तिने अनब्लॉक केलं. पहिला मेसेज — एक फोटो. खालच्यावाडीला वेगळी ग्रामपंचायत मिळण्याचा मूळ अर्ज. तारीख: गेल्या शिमग्याहून आम्ही मुंबईला परतलो, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. सरळ रेघा, एक चूक नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक ‘क’.

आणि खाली लिहिलंय — ‘बाबांनी फक्त सही केली. फितूर मी होते, गाढवा. तू माणूस चुकलास.’